फॉर्मवर आम्ही 'नॉन-कॅथलिक'



दिवाळी सरली की आपल्या वस्त्यांत एकच विषय. फॉर्म कधी सुटणार? कुठल्या चर्चच्या शाळेचा आधी, कुठल्याचा नंतर, डोनेशन मागतात का, आय-बापाची मुलाखत घेतात का. नळावर तेच, विहाराच्या पायरीवर तेच, विरार-डहाणू गाडीत तेच. मत कुणाला द्यायचं याचा आपली माणसं इतका विचार करत नाहीत. आणि ह्यावर आपल्या चळवळीचं म्हणणं काय? काही नाही. मेळावे चालू आहेत, परिसंवाद चालू आहेत, मनुस्मृतीची चिरफाड दर सालाप्रमाणे चालू आहे, आणि पोरगी चार वर्षांची झालेला बाप विचारतोय की बाबांनो, हिला घालू कुठं, तर त्याला उत्तर द्यायला कुणी नाही. देतात ते दोनच जातीचे. एक म्हणतो, फादरच्या शाळेत घालू नको, पोरगी ख्रिस्ती होईल. दुसरा म्हणतो, मराठी शाळेत घाल, मातृभाषा वाचव. दोघांची पोरं कुठं शिकतात ते मी विचारलं. दोघांचीही कॉन्व्हेंटला.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या प्रोसेस गिरणीत स्टेंटरवर असतो. बारा तासांची पाळी, पगार ठेकेदाराच्या हातून. राहायला नालासोपाऱ्यात, पूर्वेला. शाळा दहावीपर्यंत झाली, बाकी जे आलं ते गाडीत उभ्यानं वाचून आलं. म्हंजे मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण माझी पोरगी येत्या जूनला चार पुरी करील आणि निर्णय मला करायचाय, म्हणून बोलतो.

आधी त्या धर्मवाल्याचं बघू. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिल्या दिवशी मास्तरनं माझ्या पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढून घेतली, हळद-कुंकू वाहायला लावलं, आणि आमची आय बाहेर उभी राहून कौतुकानं बघत होती. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, आणि पोरगा सरस्वतीच्या पाया पडतोय. तेव्हा ह्या लोकांना धर्मांतर आठवलं नाही. गणपती बसतो त्या शाळेत धर्म नाही आणि येशूचा फोटो लावतात त्या शाळेत धर्म आहे, हा कुठला हिशोब? ज्याला धास्ती आहे त्यानं घटनेचं कलम २८ काढून वाचावं. सरकारनं मान्य केलेल्या किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला, प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही, आणि पोर अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. चर्चच्या शाळांत तसंही कॅथलिक पोरांना कॅटेकिझमच्या तासाला बसवतात आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षणाच्या. पोरीनं सकाळच्या प्रार्थनेला हात जोडायचे की नुसतं गप्प उभं राहायचं, ते मी फॉर्मसोबत लिहून देणार. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली पोर आहे. एका प्रार्थनेनं वाहून जात असेल तर दोष प्रार्थनेचा नाही, घरात आपण काय शिकवलं त्याचा आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही आपल्या भाबड्या लोकांसाठी. आपल्याकडं कुणीही उठतो आणि म्हणतो, मिशनऱ्यांनी आपल्याला शिकवलं. खरं आहे. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंना शिक्षिकेचं शिक्षण मिळालं त्यात नगरच्या अमेरिकन मिशनच्या बाईंचा हात होता. १८५६ साली धारवाडला एका महाराच्या पोरानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला तर सरकारनं त्याला दार बंद केलं, का, तर वरच्या जातीची पोरं शाळा सोडून जातील. त्या काळात मिशनच्या शाळेनं ओसरीवर का होईना बसू दिलं, हे उपकार नाकारायचे नाहीत. पण ह्यातलं स्कॉटिश मिशन वेगळं, अमेरिकन मिशन वेगळं आणि आज आपण ज्याच्या दारात रांग लावतो ती कॅथलिक पॅरिशची शाळा वेगळी. स्कॉटिश नि अमेरिकन हे प्रॉटेस्टंट. एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर मांडायचं नाही.

आणि मिशनच्या शाळा-दवाखान्यांबद्दल खुद्द बाबासाहेबांनी काय लिहून ठेवलंय ते किती जणांनी वाचलं? अस्पृश्यांच्या धर्मांतरावरचं त्यांचं इंग्रजी लिखाण सरकारनं छापलेल्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आहे. त्यांचा रोख सरळ आहे: मिशनांनी कॉलेजं काढली, इस्पितळं काढली, त्यांचा फायदा घेतला वरच्या जातीच्या हिंदूंनी, आणि ज्या अस्पृश्यानं ख्रिस्ताचा हात धरला तो होता तिथंच राहिला. श्रीरामपूरकडं माझं आजोळ. तिथं आमच्या भावकीतली अर्धी घरं कॅथलिक. मतमाउलीच्या जत्रेला हरेगावला मीही लहानपणी गेलोय, भेळ खाल्ली, पाळण्यात बसलो. त्या घरांना गावात वागणूक काय? महाराचीच. पण सवलत? नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात म्हंजे फक्त हिंदू. १९५६ ला शीख घेतले, १९९० ला आपण बौद्ध घेतले गेलो, ख्रिस्ती दलित आजही दाराबाहेर. भारतातल्या बिशपांच्या परिषदेनं २०१६ साली दलितांविषयी धोरण जाहीर केलं, त्यात चर्चमध्ये जात पाळली जाते हे त्यांनी स्वतः कबूल केलं. तेव्हा चर्चच्या फाटकात जात संपते असं कुणी सांगत असेल तर त्याला म्हणावं, तुझे बिशप तसं म्हणत नाहीत.

बरं, हा पॅरिश काय प्रकार आहे? आपल्या लोकांना वाटतं चर्च म्हंजे पॅरिश. पॅरिश म्हंजे वस्ती. ह्या नाक्यापासून त्या नाल्यापर्यंतची जेवढी कॅथलिक घरं, ती एका चर्चची, त्यांचा एक फादर, त्यांचं एक रजिस्टर. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण मेलं, सगळं त्यात. आणि चर्चच्या बाजूला शाळा. वसईला हे बघायला लांब जावं लागत नाही. १९९८ पासून वसईचा वेगळा धर्मप्रांत आहे, पण तिथली चर्चं पोर्तुगीजांच्या काळापासूनची. ही शाळा सगळ्यात आधी आपल्या रजिस्टरातल्या पोरांसाठी. मग शेजारच्या पॅरिशची. मग ज्यांचं भावंड आधीच शाळेत आहे ती. मग ज्यांचे आय-बाप तिथंच शिकले ती. मग उरलेल्या बाकांवर आपण. गेल्या साली एका शाळेचा फॉर्म माझ्या हातात आला. त्यावर दोन चौकोन होते: कॅथलिक आणि नॉन-कॅथलिक. बाप्तिस्म्याचा दाखला असेल तर जोडा, फादरचं पत्र असेल तर जोडा. बुद्ध, भीम, महार, मांग, भय्या, मारवाडी, सगळे एका चौकोनात. हजारो वर्षांत सवर्णांबरोबर एका चौकोनात बसायचा हा योग प्रथमच आला म्हणा. पण आत गेल्यावर कळतं की त्या चौकोनाच्या आतही रांग आहे.

माझी बहीण वालीवच्या गाळ्यात पॅकिंगला जाते, मेव्हणा रिक्षा चालवतो. पोराच्या प्रवेशाला दोघांना समोर बसवलं. पदवीधर आहात का? नाही. नोकरी कायम आहे का? नाही. घरी इंग्रजी बोलता का? बहीण म्हणाली, "सिस्टर, इंग्रजी घरी असती तर इथं कशाला आलो असतो?" सिस्टर हसली. बाई वाईट नव्हती. पण यादीत नाव आलं नाही. त्या यादीत नॉन-कॅथलिक म्हणून कोण आलं? बँकवाला, बिल्डरचा नातू, आपल्यातलाच एक क्लास वन साहेब. साहेबाला मी ओळखतो. दर चौदा एप्रिलला स्टेजवर असतो.

हे ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढं साचा खातं उभं राहतं. माझा आजा परळच्या गिरणीत त्रासन खात्यात होता, १९८२ च्या संपात घरी बसला तो परत गेला नाही. विणाईत पगार जास्त, पण साचा खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण धोट्यातल्या कांडीचं सूत तुटलं की ते तोंडानं ओढायला लागायचं, आणि महाराचं तोंड लागलेलं सूत मराठा कसं तोंडाला लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. मालकाचं शोषण सांगता, मग हे काय आहे? शाळेच्या मुलाखतीत कुणी जात विचारत नाही. घरातली भाषा विचारतात. पदवी विचारतात. आता तोंड विटाळतं ते इंग्रजी न येण्यानं.

आता कायद्याकडं या. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० ला लागू झाला. खाजगी विनाअनुदानित शाळेनं पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना द्यायच्या, फी सरकार भरणार. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचं पोर वंचित घटकात धरतात, उत्पन्नाची अट नाही. सोडत निघते, नाव आलं की प्रवेश. मुलाखत नाही, सिस्टर नाही, घरातली भाषा नाही. हक्क! मग माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या चर्चच्या शाळेत हा हक्क का नाही? कारण ती अल्पसंख्याकांची शाळा. ज्या घटनादुरुस्तीनं खाजगी शाळांत राखीव जागांची वाट काढली, त्या २००५ च्या १५(५) कलमातच अल्पसंख्याकांच्या संस्था वगळल्या. २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना २५ टक्क्यांतून सोडवलं. ६ मे २०१४ ला प्रमती खटल्याच्या निकालात घटनापीठानं अनुदानित अल्पसंख्याक शाळाही सोडवल्या, म्हणाले हा सगळा कायदाच त्यांना लागू नाही. अनुदानित, हे लक्षात घ्या. मास्तरांचा पगार सरकारचा, म्हंजे माझ्या आगपेटीवरच्या करातला, आणि दार माझ्या पोरीला बंद. १ सप्टेंबर २०२५ ला मात्र, शिक्षकांच्या पात्रता परीक्षेच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या ह्या निकालाबद्दल शंका काढली आणि मोठ्या पीठापुढं जावं म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडं धाडलं. आपल्या किती पुढाऱ्यांनी त्या दिवशी तोंड उघडलं? एकानंही उघडलेलं माझ्या कानावर आलं नाही. हा निकाल कुणाच्या पोरांसाठी महत्त्वाचा होता?

इथं एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या भगवे लोक माझा लेख मिरवतील. कलम ३० मोडा, अल्पसंख्याकांच्या शाळा ताब्यात घ्या, अशी ओरड करणाऱ्यांच्या मिरवणुकीत आपल्याला जायचं नाही. त्यांना आपली पोरं शिकवायची नाहीत, त्यांना फादर झोडायचाय. भीमा कोरेगावच्या खटल्यात ज्या म्हाताऱ्या जेझुइटाला २०२० साली आत टाकलं तो फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला मुंबईत कोठडीतला कैदी म्हणूनच मेला. आदिवासींसाठी लढून मेला. त्याच्या नावानं आपण अभिवादन करतो आणि करत राहू. म्हणूनच तर त्याच्या चर्चला विचारायचा हक्क आपल्याला आहे: तुमचा एक म्हातारा आमच्यासाठी तुरुंगात जातो, मग तुमच्या फाटकावरचा चौकोन कुणासाठी आहे? तुमची पोरं आधी घ्या, कोर्टानं तशी मुभा दिलीय, आमची तक्रार नाही. उरलेल्या बाकांचं बोला. ती बाकं बिल्डरला का? कायद्यानं सक्ती नाही म्हणता, तर कायद्यानं मनाई तरी कुठं आहे? २५ टक्के आपणहून ठेवा. सोडत काढा. कलम २९(२) सांगतं की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेनं केवळ धर्म, जात, भाषा यांवरून कुणाला अडवायचं नाही. घरी इंग्रजी बोलता का, हा प्रश्न मग कुठल्या कलमात बसतो?

मराठीवाल्यांना थोडक्यात. २०२५ साली पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून केवढं रान पेटलं, २९ जूनला सरकारनं दोन्ही आदेश मागं घेतले, पेढे वाटले. त्या पेढे खाणाऱ्यांतल्या किती जणांची पोरं मराठी शाळेत होती? वसईचे कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या मराठीत प्रार्थना करत आले. त्यांच्यातला फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. वसईतल्या कित्येक चर्चच्या शाळा मराठीच होत्या. आज त्यांची स्वतःचीच पोरं इंग्रजीकडं गेली. गोव्यात १९९० नंतर प्राथमिक शाळेला अनुदान फक्त कोकणी-मराठीला होतं, चर्चच्या शाळांनी कोकणी धरली, आणि २०११ ला पालकांच्या रेट्यापुढं सरकारनं त्यांच्या इंग्रजीला अनुदान दिलं. ज्यानं त्यानं आपल्या पोराची भाकर कुठं आहे ते ओळखलं. फक्त महाराच्या पोरानं मराठीचं ओझं वाहायचं? ज्या मराठीनं आम्हाला गावाबाहेर ठेवलं तिच्यात मी कविता लिहितो, ती सोडणार नाही. पण पोरीच्या हातातली इंग्रजी हिसकावून मराठी वाचवायची असेल तर ती मराठी तुमच्याच माडीवर ठेवा.

मग राहिलं काय? आमच्याकडं बिल्डिंगीच्या तळमजल्यात गाळ्यातल्या शाळा आहेत. नावात इंटरनॅशनल, संडासाला कडी नाही. बाई बारावी नापास, इंग्रजी आमच्या ठेकेदाराइतकी. बहिणीचा पोरगा आता तिथं जातो. टाय बांधतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं तर असा नियम काढला होता की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. जुलैत हायकोर्टानं तो रद्द केला म्हणून वाचलो. कमी पटाच्या सरकारी शाळा एकत्र करायचं घाटतंच आहे. म्हंजे एका बाजूनं सरकारी शाळा मरतेय, दुसऱ्या बाजूला गाळा, आणि मध्ये चर्चची शाळा तेवढी उभी. पालक तिकडं धावतो ते येशूसाठी नाही. तिथं मास्तर वर्गात असतो, मैदान आहे, फी बिल्डरच्या शाळेच्या मानानं हातात बसते. त्याला गुलाम मनोवृत्तीचा म्हणणाऱ्या कार्यकर्त्याच्या मी थोबाडीत देईन.

आणि आता आपल्याच अंगणातली घाण. चर्चनं वस्तीला शाळा जोडली. आपण विहाराला काय जोडलं? मंडप. डीजे. कमान. आमच्या विहाराच्या मूर्तीला, टाइल्सला, कमानीला वर्गणी किती जमली ते मला माहीत आहे, पावत्या मीच फाडल्या. दोन खोल्या वर्षभर कुलपात. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ, १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेज. फाटका समाज, तरी काढली. पुढं तिच्या कारभारावरून आपल्याच पुढाऱ्यांचे गट कोर्टात भांडत बसले. कॉलेजं तरी आहेत. पण चार वर्षांच्या पोरासाठी आपल्या वस्तीत आपलं काय आहे? बालवाडीसुद्धा दुसऱ्याची.

म्हणून आमच्या चाळीतल्या अकरा घरांनी ठरवलंय. यंदा फॉर्म घ्यायला एकेकटं जायचं नाही. एकटा गेला की तो भिकारी दिसतो, बायको पदर सावरते, नवरा साहेब-साहेब करतो. अकरा जोडपी एकाच सकाळी जाणार. सोबत अर्ज: नॉन-कॅथलिक जागा किती, त्या कशा भरल्या, यादी फळ्यावर लावा, पालकांची मुलाखत बंद करा, उरलेल्या जागांची सोडत आमच्यासमोर काढा. डोनेशन मागितलं तर १९८७ चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा आमच्या खिशात असेल. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. अर्जाची प्रत बिशपांना. आणि ज्याला प्रवेश मिळेल त्यानं पहिल्याच दिवशी शाळेच्या रजिस्टरात धर्म बौद्ध आणि जात महार, नाहीतर जी असेल ती, स्वच्छ अक्षरात लिहून घ्यायची. नुसतं बौद्ध लिहिलं की पंधरा वर्षांनी जात पडताळणीच्या खिडकीवर पोर रडतं. शाळेचा कारकून चुकवतो आणि भोगतो आपण.

प्रवेश दोघा-तिघांनाच मिळेल, हे आम्हाला कळतं. बाकीच्यांसाठी विहाराच्या दोन खोल्यांची कुलपं काढून घेतलीत. कमिटीशी भांडण झालं, व्हायचं ते झालं. संध्याकाळी सात ते नऊ, रविवारी सकाळी. इंग्रजी, गणित आणि मोठ्या पोरांना घटना. फळा एका बंद पडलेल्या क्लासमधून दोनशे रुपयांत आणलाय, बाकं नाहीत, सतरंजीवर बसतात. माझी रातपाळी असली की त्या आठवड्यात बहीण हजेरी घेते. तिला इंग्रजी येत नाही, ती पोरांच्या मागच्या ओळीत बसून स्वतः शिकते. आम्हाला शिकवणारे पाहिजेत. ज्या क्लास वन साहेबांची पोरं फादरच्या शाळेतून बाहेर पडलीत त्यांनी आठवड्याचे दोन तास पाठवावं त्यांना. स्टेशनपासून विहारापर्यंत रिक्षाचं भाडं आमचा मेव्हणा घेणार नाही.